आमचं मराठी 'अशुद्ध' आहे का?

आपल्या मंडळातल्या मुलामुलींकडून मला एक वाक्य नेहमी ऐकू येतं : "आमचं मराठी शुद्ध नाही हो." पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हीच मुलं हिंदी-इंग्रजीवर येतात. त्यांच्या या धास्तीबद्दल भाषाशास्त्र काय म्हणतं, ते या वेळी पाहू.

आधुनिक भाषाशास्त्राचा पाया घालणारा फर्दिनां द सोस्यूर जिनिव्हाचा. तो संस्कृतही शिकवत असे. 1913 साली तो वारला. विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून त्याच्या सहकाऱ्यांनी 1916 मध्ये त्याचं पुस्तक काढलं. त्यात भाषेला बुद्धिबळाची उपमा आहे. पटावरचा घोडा हरवला तर त्याच्या जागी एखादं बटण ठेवूनही डाव चालतो. दोन्ही खेळाडूंनी त्याला घोडा मानलं की झालं. शब्दाचंही तसंच. त्याचं मोल तो वापरणाऱ्या समाजात ठरतं.

पुढे अमेरिकेत वाद रंगला. मूल ऐकून, शाबासकी मिळवून, सवयीने भाषा शिकतं, असं बी. एफ. स्किनर यांचं म्हणणं. 1959 मध्ये नोम चॉम्स्की यांनी त्यावर कडक टीका केली. मूल कधी न ऐकलेली वाक्यंही बोलतं. नियम घडवण्याची शक्ती त्याला जन्मतःच असते, असं त्यांचं मत. घरात सगळे 'केलं' म्हणत असले तरी लहानगं 'करलं' म्हणतं, कारण 'धरलं', 'भरलं' यांतला नियम त्याने स्वतःच हेरलेला असतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

जॉन गम्पर्झ यांनी तिसरी वाट धरली. ते गावात जाऊन लोकांचं बोलणं ऐकत. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा त्यांचा आणि रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध झाला. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. तिन्हींची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी, म्हणून तिथल्या मराठीतही 'नदी आलं'. शब्द मात्र ज्या त्या भाषेचे वेगळेच राहिले, कारण घराघराची ओळख त्या शब्दांत होती.

बेळगावच्या मराठीला कन्नडचं वळण, इंदूरच्या मराठीला हिंदीचं, बडोद्याच्या मराठीला गुजरातीचं. या वळणांनाही नियम असतात. परीक्षेत आणि अर्जात प्रमाण मराठी लागते, ती जरूर शिका. पण हसतील म्हणून घरची मराठी बोलायची थांबलात, तर पुढच्या पिढीच्या कानावर ती पडणारच नाही. मग ती कुठल्याही पुस्तकातून परत आणता येणार नाही.

या महिन्यात एवढं करा : आजी-आजोबांना विचारून, पुण्याच्या नातेवाइकांना न कळणारे आपल्या घरातले पाच शब्द अर्थासह लिहून ठेवा. आणि पाहुणे आले की तेच शब्द बिनदिक्कत वापरा.