शिकण्यासाठी अंडं फोडायलाच हवं का?



परवा नातीचा फोन आला. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलंय तिनं. "आजी, प्रॅक्टिकलला कोंबडीची उबवलेली अंडी फोडून गर्भ बघायचाय. श्वसनसंस्था कशी तयार होते ते. काय करू गं?"

मी कॉमर्सची, मला त्यातलं काय कळणार? मग तिच्याकडूनच समजून घेतलं. पिल्लू 21 दिवसांनी बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी हृदय धडधडू लागतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुफ्फुसांचे कोंब फुटतात. पण फुफ्फुसं कामाला लागतात विसाव्या दिवसाच्या सुमारास. तोवर कवचाच्या बारीक छिद्रांतून हवा आतबाहेर होते. हे ऐकून मी थबकलेच. श्वासोच्छ्वास हा दहा प्राणांपैकी एक, हे आपण पाठशाळेत शिकलो. तत्त्वार्थसूत्रात गर्भजन्माच्या तीन प्रकारांत अंडज आहेच. म्हणजे फुफ्फुस तयार नसतानाही तो जीव श्वास घेतोच आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, ती लपवणं बरं नाही. माझा धाकटा नातू साडेसात महिन्यांचा जन्मला. त्याची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून सुनेला आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती. हा उपाय न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स यांना मेंढीच्या गर्भावरच्या प्रयोगांतून सुचला आणि 1972 मध्ये त्यांनी व डॉ. हॉवी यांनी तो मातांवर सिद्ध केला. त्या कोकरांचं ऋण आमच्या घरावर आहे. प्रतिक्रमणाला बसते तेव्हा तीही आठवतात.

म्हणूनच मला वाटतं, नवं शोधणं वेगळं आणि माहीत असलेलं शिकवणं वेगळं. पहिल्याचा निवाडा मी करू शकत नाही. दुसऱ्याचा करता येतो. पिल्लाचं फुफ्फुस कसं वाढतं हे पुस्तकात छापून झालंय. तेच पाहायला दरवर्षी नवी अंडी फोडणं ही संकल्पी हिंसाच. शिवाय पक्ष्याच्या फुफ्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आपल्यासारखे वायुकोश त्यात नसतात. माणसाचं फुफ्फुस समजायला ते फारसं कामाचं नाही.

"प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही," असं सर म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण कॉलेजात गर्भाच्या जुन्या स्लाइड असतात. त्यांच्यासाठीही जीव गेलाच, पण एकदाच. चित्रफिती आहेत, मॉडेल आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2014 मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, म्हणून काही विषय बंद पडला नाही.

नातीला म्हटलं, सरांना नम्रपणे अर्ज दे, स्लाइडवर शिकू द्या म्हणावं. आणि एक कर, हा धडा वर्गात सगळ्यांपेक्षा चांगला तयार कर. आपली अहिंसा ही अभ्यास टाळायची सबब आहे असं कुणाला वाटता कामा नये.