दुसरीच ओळ इंग्रजीत

नवा फ्रंटएंड प्रोजेक्ट सुरू करायला आज अर्धं मिनिट पुरतं. टर्मिनल उघडायचं, एक कमांड द्यायची, दोन-तीन प्रश्नांवर एंटर मारायचा. यासाठी सर्रास वापरलं जाणारं एक साधन म्हणजे ‘वीट’. इव्हान यू याने २०२० साली बनवलेलं. शब्द फ्रेंच, अर्थ ‘चटकन’, उच्चार मात्र थेट आपल्या विटेसारखा. ही वीट तुम्हाला प्रोजेक्टचं नाव विचारते, फ्रेमवर्क विचारते, जावास्क्रिप्ट हवी की टाइपस्क्रिप्ट तेही विचारते. हे पान वाचणारा माणूस कोणत्या भाषेत वाचणार, एवढं मात्र विचारत नाही. ते परस्पर ठरलेलं असतं. तयार झालेली इंडेक्स डॉट एचटीएमएल ही फाइल उघडून बघा. दुसऱ्याच ओळीत ‘लँग’ आणि त्यापुढे ‘ईएन’. म्हणजे इंग्रजी.

माझं भांडण या ओळीपासून सुरू होतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा दोन अक्षरांनी काय बिघडतं? पान तर दिसतंय ना मराठीत! दिसतंय, ज्याला दिसतं त्याला. ज्याला दिसत नाही तो स्क्रीन रीडर लावून ऐकतो, आणि स्क्रीन रीडर आवाज निवडताना याच दोन अक्षरांवर भरवसा ठेवतो. त्याला सांगितलं की पान इंग्रजी आहे, तर तो इंग्रजी आवाज काढतो आणि देवनागरी मजकुरापुढे अनेकदा एकतर अडखळतो नाहीतर गप्प बसतो. पानाची भाषा नीट सांगणं ही वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांमधली सगळ्यात खालच्या पातळीची अट आहे. २००८ पासून आहे. पहिलीतला पाढा समजा. आपण तोच नापास होतो, आणि तेही मराठी बातम्या, मराठी अर्ज, मराठी कविता छापताना.

डोळसांचंही नुकसान आहेच. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायला सांगितलं. आता गंमत बघा. काही देवनागरी फॉन्टांमध्ये ही दोन्ही रूपं आधीपासूनच भरलेली असतात. पण मराठी रूप केव्हा दाखवायचं हे फॉन्टला कळतं ते लँगपुढे ‘एमआर’ लिहिलं तरच. म्हणजे अक्षर काढणाऱ्याने मेहनत केली, फॉन्ट फोनपर्यंत पोचला, आणि मराठी ल आत दडून बसला, कारण टेम्प्लेटची एक ओळ बदलायची आपण विसरलो.

नेक्स्ट जेएसचं तयार टेम्प्लेट घेतलंत तर त्याच्या मुख्य लेआउटमध्येही तेच ‘ईएन’, सोबत गाइस्ट हा फॉन्ट आणि त्याचा फक्त लॅटिन संच. त्यात देवनागरी नाहीच. मग फोनमध्ये जो फॉन्ट सापडेल त्यात तुमचा मजकूर उमटतो. इंग्रजी शीर्षक सूटबुटात, मराठी शीर्षक हाताला लागेल त्या कपड्यात.

टेलविंडचं आणखी एक. त्यातल्या सगळ्यात मोठ्या अक्षर-आकारांना ओळीची उंची अक्षराएवढीच दिलेली असते. रोमन लिपीला ते शोभतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. ‘मूर्ती’ हा शब्द दोन ओळींच्या मथळ्यात टाका. खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो. मजकूर कापणारा क्लास लावला तर मात्राच उडतात. आणि ‘मोकळं दिसावं’ म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे. अशी तुटक्या शिरोरेषेची बटणं मी स्वतः बनवली आहेत आणि डिझाइन झकास झालं म्हणून मिरवलीही आहेत.

टेम्प्लेटं नकोत असं मी म्हणत नाही. वेबपॅक आणि बेबल यांची जुळणी करण्यात दिवस घालवलेल्यांना विचारा. २०१६ मध्ये क्रिएट रिॲक्ट ॲप आलं तेव्हा सुटलो असंच वाटलं होतं. पुढे रिॲक्टच्या टीमने २०२५ मध्ये नव्या प्रोजेक्टसाठी ते वापरू नका असं जाहीर केलं. ज्यांनी फक्त ती कमांड पाठ केली होती ते भांबावले, ज्यांना आतलं कळत होतं ते दुसरीकडे गेले. त्या टेम्प्लेटमध्ये पानाचं शीर्षक ‘रिॲक्ट ॲप’ असायचं. ब्राउझरच्या टॅबवर हेच शीर्षक मिरवणारी साइट एकदा तरी तुमच्यासमोर आली असेल. ज्याने पाटीसुद्धा बदलली नाही, तो ‘ईएन’ बदलेल?

आणि हीच खरी अडचण. न केलेली निवड टेम्प्लेटमधून आली की बरोबरच असणार असं वाटतं. रिकाम्या फोल्डरमध्ये स्वतः फाइल लिहिताना लँगपुढे काहीतरी लिहावं लागतं, तेव्हा निदान प्रश्न तरी पडतो. वीट आणि रिॲक्टच्या टेम्प्लेटमध्ये पानाच्या अंगात काय असतं ठाऊक आहे? एक रिकामा डिव्ह आणि एक स्क्रिप्ट, बस. स्क्रिप्ट उतरून चालेपर्यंत वाचकापुढे पांढरा पडदा. एसटीत बसून, घाटात रेंज येत-जात असताना चार कविता वाचू पाहणाऱ्या मुलीला ॲप नको होतं. तिला मजकूर हवा होता, आणि मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये आधीच पाठवता आला असता.

नोकरीतल्या घाईचं कारण मला मान्य आहे. डेडलाइन असेल तर खुशाल टेम्प्लेट वापरा. पण मराठी साइटी बनवणारी ऑफिसं स्वतःचं टेम्प्लेट का ठेवत नाहीत? एकदाच बसायचं. लँगपुढे ‘एमआर’. देवनागरी फॉन्ट, आणि तो मराठी ल दाखवतो का हे तपासून. ओळीची उंची दीडपटीच्या वर. अक्षरांमधलं अंतर शून्य. मजकूर स्क्रिप्टच्या आधी. एका दुपारचं काम आहे. मग ते सगळ्यात स्वस्त फोनवर उघडायचं, टॉकबॅक सुरू करायचा, डोळे मिटायचे आणि पहिला परिच्छेद शेवटपर्यंत ऐकायचा.