चष्मा उतरवण्याचा हिशेब

मुलामुलींचा बायोडाटा लिहावयास घेतला, की अनेक घरांत चष्म्याचा विषय निघतो. नंबर लिहावा की लिहू नये, लेझरने तो घालवून मगच स्थळे पाहावीत काय, आणि त्यास खर्च किती, अशी चर्चा दुकान बंद झाल्यावर रात्री सुरू होते. आपला व्यापारी समाज दर विचारल्यावाचून काही घेत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु या व्यवहारात दर हा सर्वांत शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

तरी आधी दरच पाहू. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे दोन्ही डोळ्यांच्या साध्या लॅसिकचा खर्च सामान्यतः ३०-४० हजार रुपयांपासून सुरू होतो. स्माइलसारख्या नव्या पद्धतींचा आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याही पुढे जातो. समजा, ६०,००० रुपये लागले आणि चष्म्यावर दर दोन वर्षांनी ६,००० रुपये जात होते. म्हणजे वर्षाचे ३,००० रुपये. रक्कम फिटण्यास २० वर्षे लागतील. चोविसाव्या वर्षी शस्त्रक्रिया केली, तर हिशेब चव्वेचाळिसाव्या वर्षी बरोबरीत येईल आणि नेमकी त्याच सुमारास वाचण्यासाठी चाळिशी लागेल! कॉन्टॅक्ट लेन्स आणि तिचे द्रावण यांवर वर्षाला १०,००० खर्चणाऱ्याचे पैसे मात्र सहा वर्षांत वसूल होतात. पावसाळ्यात भरलेल्या लोकलमध्ये धुरकटलेल्या काचा पुसत उभे राहण्याचा त्रास वाचला, त्याचे मोल ज्याचे त्याने ठरवावे. ते कोणत्याही वहीत बसत नाही.

आता चाळिशीचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगावयास हवा, कारण आपल्या व्यवसायांशी त्याचा थेट संबंध आहे. लेझर बुबुळासमोरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, नवा आकार देतो. डोळ्याच्या आतील नैसर्गिक भिंगाला तो स्पर्शही करीत नाही. ते भिंग चाळिशीच्या सुमारास ताठर होऊ लागते आणि जवळचे दिसणे अवघड होते. ज्याने लेझर केले त्याचेही आणि न केले त्याचेही. मात्र ज्याला वजा तीनचा नंबर आहे, त्याला चष्मा काढल्यावर सुमारे एक फुटावरची वस्तू कोणत्याही वयात स्वच्छ दिसते. डोंबिवलीच्या पेढीवर बसणारे पंचेचाळीस वर्षांचे सराफ अंगठीतील खडा किंवा दागिन्यावरील हॉलमार्क पाहताना चष्मा कपाळावर सरकवतात, ते याच कारणाने. वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारात कागदाच्या पुडीतून हिरे निवडणाऱ्यांचेही तेच. दूरचा नंबर हे त्यांच्या जवळच्या कामाचे फुकट मिळालेले भिंग आहे. लेझरने तो नंबर शून्यावर आणला, की रस्त्यावरील पाटी चष्म्याविना वाचता येईल, पण पावतीपुस्तक उघडताच चष्मा शोधावा लागेल. ज्याचा दिवस एका फुटाच्या अंतरावर जातो, त्याने चाळिशीनंतर एवढे पैसे देऊन नेमके हेच गमवावे काय? एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याची पद्धतही आहे. ती सर्वांना मानवत नाही, म्हणून आधी तसे कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस काम करून पाहावे.

पंचवीस-तिशीतील निरोगी डोळ्यांसाठी चित्र निराळे आहे. त्यांच्यापुढे चष्म्याविना अनेक वर्षे आहेत. मात्र वय १८ पूर्ण झाले एवढे पुरत नाही. नंबर किमान वर्षभर स्थिर असला पाहिजे. एकोणिसाव्या वर्षी नंबर अजून वाढत असताना केवळ स्थळ पाहावयास येणार म्हणून मुलीचे डोळे लेझरखाली ठेवणे मला मान्य नाही. नंबर पुढे वाढलाच, तर चष्मा परत येतो. गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असतानाही ही शस्त्रक्रिया करीत नाहीत.

कॉर्नियाच्या जाडीचा हिशेब तर व्यापाऱ्यास चटकन समजेल. ती मध्यभागी साधारण अर्ध्या मिलीमीटरहून थोडी अधिक, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. लॅसिकमध्ये वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा उघडतात आणि खालच्या थरातून प्रत्येक नंबरामागे अंदाजे १५ मायक्रॉन ऊती काढून टाकतात. खाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहिलेच पाहिजेत, असा दंडक आहे. कॉर्निया ४८० मायक्रॉनचा आणि नंबर वजा आठ असेल, तर ११० व १२० वजा जाता नेमके २५० उरतात. तेथे शहाणा शल्यचिकित्सक हात आखडता घेतो. काढलेली ऊती पुन्हा भरून येत नाही. शंकूसारखा पुढे येणारा कॉर्निया, ज्याला केराटोकोनस म्हणतात, तो आढळल्यास लॅसिक करूच नये. ॲलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांत याची तपासणी विशेष काटेकोरपणे व्हावी. पातळ कॉर्नियासाठी पापुद्रा न उघडता पृष्ठभागावर केली जाणारी पीआरके आहे, फार मोठ्या नंबरासाठी आत बसवावयाची लेन्स आहे. म्हणून जाहिरातीतील सवलत ऐकण्याआधी कॉर्नियाचा नकाशा काढून घ्यावा. त्यापूर्वी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे, कडक असल्यास त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागते. नाहीतर मापच चुकीचे येते.

या तंत्राच्या मुळाशी मद्रासमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली त्यांनी एक्सायमर लेझरने ऊती न जाळता अचूक छेदता येते हे दाखविले. (त्या पहिल्या प्रयोगात सणाच्या जेवणातील उरलेले मांस वापरले होते, हे आपल्या वाचकांना रुचणार नाही, परंतु घडले तसे सांगणे भाग आहे.)

त्रासांविषयी लपवाछपवी नको. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने केलेल्या पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण आपल्या दृष्टीवर समाधानी होते. परंतु ज्यांना आधी दिव्यांभोवती वलये, चकाकी असे काहीच दिसत नव्हते, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत रुग्णांनी तीन महिन्यांनी असे एखादे तरी लक्षण सांगितले. नित्याची कामे फार अवघड व्हावीत इतका त्रास एक टक्क्याहूनही कमी लोकांना झाला. डोळे कोरडे पडण्याची तक्रार सर्वाधिक. ती बहुतेकांची काही महिन्यांत कमी होते, काहींची रेंगाळते. माल घेऊन रात्री घोडबंदर रस्त्याने गाडी चालवणाऱ्याने आणि दिवसभर संगणकावर हिशेब लिहिणाऱ्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावे. रेल्वेत इंजिनचालक होऊ इच्छिणाऱ्यास तर लॅसिक चालतच नाही.

विम्याचा भरवसा बहुतेकांनी ठेवू नये. विमा नियामकाने २०१९ साली प्रमाणित केलेल्या अपवादांत साडेसातपेक्षा कमी नंबराची शस्त्रक्रिया येते. त्याहून मोठा नंबर असल्यास पॉलिसीच्या अटी वाचून, आधी लेखी विचारून घ्यावे.

पर्युषणात ही शस्त्रक्रिया करू नये, हा माझा आग्रह आहे. पहिले काही दिवस दर दोन-चार तासांनी थेंब घालावे लागतात, आठवडाभर तरी डोळ्यांत पाणी जाऊ द्यावयाचे नसते. पूजेचे स्नान आणि गर्दी यांत ते सांभाळणे कठीण. दिवाळीचा हंगामही दुकानदाराने सोडावा.

शस्त्रक्रियेने डोळ्याची लांबी बदलत नाही. मोठा वजा नंबर असलेल्यांचे दृष्टिपटल पूर्वीइतकेच नाजूक राहते, म्हणून चष्मा गेला तरी त्याची नियमित तपासणी चुकवू नये. आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावी. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाचे माप आणि नकाशा यांचे कागद मागून घ्यावेत. तीस-चाळीस वर्षांनी मोतीबिंदू काढावा लागला, तर आत बसवावयाच्या लेन्सची शक्ती ठरवताना लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचे गणित चुकते आणि हे जुने आकडे उपयोगी पडतात. रुग्णालये तितकी वर्षे कागद सांभाळतीलच असे नाही. घराच्या दस्तऐवजांसोबत कपाटात एक प्रत ठेवावी आणि मुलीचे असल्यास दुसरी तिच्या सासरी द्यावी.