नातवंडांचा तान्जिरो आणि आपण

घरातील शाळकरी मुलांच्या तोंडी ‘डिमन स्लेयर’ हे नाव आपण ऐकले असेल. या जपानी कथामालेतील ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला. त्याआधी, ऑगस्टमध्ये, याच कथेवरील व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला. अशा घोषणा झाल्या की मुले दिवस मोजू लागतात आणि आपण मात्र ‘राक्षसांची मारामारी’ म्हणून पाठ फिरवतो.

वास्तविक या कथेच्या मुळाशी शुश्रूषा आहे. कोळसा विकणाऱ्या तान्जिरोची बहीण नेझुको राक्षसयोनीत जाते. तिला ऊन सोसत नाही, म्हणून तो तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहतो आणि तिच्यासाठी उपाय शोधत हिंडतो. त्याचा वैरी अकाझा हाही पूर्वी माणूसच होता. आजारी वडिलांच्या औषधासाठी त्याने चोऱ्या केल्या. पुढे गुरूंच्या रुग्ण कन्येची मनोभावे सेवा केली. तीही गेली, तेव्हा त्याचे माणूसपण हरपले.

घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर मुले सारे पाहत असतात. बोलत मात्र नाहीत. ‘तुला भीती वाटते का?’ या प्रश्नाला ती बहुधा मान हलवून निघून जातात. ‘अकाझाने चोरी केली, ते तुला पटले का?’ असे विचारून पाहावे. उत्तर ऐकून घ्यावे, उपदेश टाळावा. कदाचित मनातले बोलणे या आडवाटेने बाहेर येईल.

चित्रपट सोबत पाहणार असाल, तर काही पथ्ये पाळावीत. तो १५५ मिनिटांचा आहे; जेवण व औषधे यांच्या वेळा आधी जुळवाव्यात आणि कडेची खुर्ची घ्यावी. अंधारात पायऱ्या उतरताना हात धरावा. रक्तपात बराच असल्याने अगदी लहान मुलांना नेऊ नये. फेफऱ्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना अवश्य विचारावे : डिसेंबर १९९७ मध्ये जपानात ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

चित्रपटगृहात जाणे झेपत नसेल, तर मुले गेम खेळताना शेजारी बसावे. ‘हा कोण? तो का रडतो?’ एवढे विचारले, तरी ती उत्साहाने सारी कथा सांगतात.