निवेदनाला केसपेपर जोडा

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावर वासना नाही. कावीळ. तपासून झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, आमच्या गल्लीत दरसाली हेच. आमदारांना किती डाव सांगितलं. नुसतं बघतो म्हणतात."

"तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?" मी विचारले.

"पाण्याचं काय तरी करा म्हणालो."

मला हसू आले. "डॉक्टर, बरं वाटत नाही, काय तरी द्या," एवढेच सांगून गप्प बसणारे रुग्ण मला रोज भेटतात. त्यांना बहुधा ताकदीची गोळी मिळते. 'बघतो' ही लोकप्रतिनिधींची ताकदीची गोळी आहे. तिने अपाय होत नाही आणि गुणही येत नाही.

आरोग्याच्या सदरात आमदार कशाला, असे वाचक विचारतील. काविळीचेच पाहा. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ई' प्रकारच्या काविळीवर हमखास औषध नाही. विश्रांती, योग्य आहार आणि देखरेख यांवर बहुतेक रुग्ण बरे होतात. पण गर्भवतीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा आजार झाला तर पाचांपैकी एखादी दगावण्याइतका तो गंभीर होऊ शकतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारोंना लागण झाली, माणसे दगावली. अशा आजाराचा खरा इलाज जमिनीखालच्या नळात आहे. तो नळ बदलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना आपण निवडून दिले आहे.

हे मी चूक करून शिकलो. पंचवीस वर्षांपूर्वी सीमेलगतच्या एका लहान गावी मी नवीनच दवाखाना टाकला होता. तीन आठवड्यांत एकाच गल्लीतले चौदा जण काविळीने आजारी पडले. आम्ही साठ-सत्तर माणसे जमवून लोकप्रतिनिधींकडे गेलो. घोषणा झाल्या, हार घातला, चहा झाला. निवेदनात पाणी, गटारी, रस्ता, दिवाबत्ती, व्यायामशाळा अशा अकरा मागण्या होत्या. निवेदन देतानाचा फोटो पेपरात आला आणि आम्ही खूश झालो. पुढे नऊ आठवडे काहीही झाले नाही. त्या नऊ आठवड्यांत गल्लीतली एक लेक, माहेरी बाळंतपणाला आलेली, आठव्या महिन्यात काविळीने गेली. बाळही गेले. अकरा मागण्यांच्या त्या कागदावर पहिली सही माझी होती.

त्यानंतर गल्लीतल्या एका सेवानिवृत्त ओव्हरसिअर काकांनी मला बसवून घेतले. "डॉक्टर, तुम्ही रुग्णाचा केसपेपर करता, मग गल्लीचा का नाही केला?" आम्ही एका फुलस्केप कागदावर गल्लीचा नकाशा काढला. कोणत्या घरात, कोणत्या तारखेला कावीळ झाली, कोणाच्या नळाला पाणी कुठून येते, नळ गटारीतून कुठे जातो, हे मांडले. दहा दिवस रोज नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट केली आणि क्लोरीन आले की नाही ते लिहिले. तारखांना महत्त्व अशासाठी की विषाणू पोटात गेल्यावर कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर पाणी स्वच्छ दिसू लागते आणि "आता तर पाणी चांगले आहे," असे सांगता येते. खाली मागणी एकच लिहिली: गटारीतून जाणारा एवढ्या फुटांचा नळ बाहेर काढून नवा घाला.

या वेळी आम्ही पाचच जण गेलो. साहेबांनी कागद पाहिला आणि आमच्यासमोर अभियंत्यांना फोन लावला. "माहिती मागवतो" असे म्हणायला जागाच नव्हती. माहिती टेबलावर होती. तरी काम व्हायला चार महिने लागले. दर पंधरवड्याला दोघे जण जाऊन विचारत होते. नळ बदलला आणि पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीतून माझ्याकडे काविळीचा रुग्ण आला नाही. आधीच्या नऊ आठवड्यांचा हिशोब मात्र माझ्याकडे कायम राहिला.

म्हणून वाचकहो, निवेदन लिहिण्याआधी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, दार ओळखा. दाताच्या दुखण्याला कोणी डोळ्याच्या डॉक्टरकडे जात नाही. गटार, नळ आणि कचरा हे ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे किंवा महापालिकेचे काम. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालय आणि आपले सीपीआर राज्य शासनाकडे, म्हणजे तिथे आमदारांचे वजन चालते. आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. पंचगंगेसारखा प्रश्न एकट्या मतदारसंघाचा नसतो, तिथे दहाही दारे वाजवावी लागतात.

दुसरी, वेळ साधा. विधिमंडळाची अधिवेशने साधारणपणे तीन होतात: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना मांडू शकतात. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते, आणि उत्तरासाठी खालपर्यंत फाइल हलते. पण हे प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन जाणे म्हणजे गाडी सुटल्यावर स्टँडवर पोहोचणे. माहिती हाताशी नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. हा हिशोब धरूनच सुरुवात करा.

तिसरी, मागणी एकच आणि नेमकी असू द्या. शिरोळ तालुक्यातील हेरवाडचे उदाहरण आपल्या घरचे आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की पती वारल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद करायचे. ग्रामविकास खाते त्या वेळी आपल्याच जिल्ह्यातील हसन मुश्रीफ यांच्याकडे होते. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून राज्यातील ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. एका गावाने आधी स्वतः करून दाखवले, कागद तयार ठेवला, म्हणून शासनाला तो उचलता आला. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे आणि गावोगावचे काम अजून बाकी आहे, हेही खरेच.

चौथी गोष्ट म्हणजे कोर्स पुरा करा. ताप उतरला की गोळ्या बंद करणारे रुग्ण पुन्हा येतात. निवेदनाचेही तसेच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एमबीबीएस डॉक्टर. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे आमदारांच्या भेटी घेतल्या, आक्षेप ऐकले, मसुदे बदलू दिले, पण मागणी सोडली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. जे काम समजुतीने व्हायला हवे होते ते रक्त सांडल्यावर झाले, याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे.

कोणी म्हणेल, कोल्हापूरला मोर्चाशिवाय काही मिळत नाही, टोल कसा गेला? बरोबर आहे. पण त्या आंदोलनात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी अभ्यासू माणसे होती, वेगवेगळ्या पक्षांचे लोक एका मागणीवर टिकून होते आणि रस्त्यांच्या कामाच्या फेरमूल्यांकनाचा आग्रह होता. काही वर्षे ते चालले, तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. मोर्चा हे इंजेक्शन आहे. निदान झाल्यावरच ते द्यावे.

आणखी एक, जरा कडू वाटेल असे. शिष्टमंडळ निवेदन देऊन बाहेर पडते, तेव्हा एखादे गृहस्थ मागे रेंगाळतात आणि भाच्याच्या बदलीची चिठ्ठी हळूच पुढे सरकवतात. त्या क्षणी गल्लीचे निवेदन रद्द झाले म्हणून समजा. ज्याचे खासगी काम आपल्याकडे अडकले आहे तो पुन्हा विचारायला येणार नाही, हे समोरच्याला चांगले कळते. आणि नळ झाला तर आभार जरूर माना, पण मिंधे होऊ नका. पैसा आपल्या करातलाच असतो.

त्या गृहस्थांना मी हे सगळे सांगितले आणि फुलस्केपचे चार कागद दिले. आपल्याही गल्लीत कावीळ असेल तर पाणी चांगले उकळून प्या, घरात गर्भवती असेल तर तिच्याकडे विशेष लक्ष द्या, डोळे पिवळे दिसताच तिला रुग्णालयात न्या. आणि आजपासून तारीखवार नोंद ठेवा. कागद तयार झाला की मला आणून दाखवा. नीट झाला असेल तर सही करीन.