ऑनलाइन रमीच्या टेबलावर समोर कोण बसले आहे?

परदेशीपुऱ्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसांना पत्ते कुठे शिकलात असे विचारले, तर बहुतेक जण गणेशोत्सवाचे नाव घेतील. तिकडे मिलमध्ये अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची तयारी चाललेली असे आणि इकडे गल्लीतल्या मंडपात रात्री राखणीला बसलेली मंडळी मेंढीकोट नाहीतर रमी मांडत. पैसे लावून खेळणारेही होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सतरंजीवर समोर कोण बसले आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. तो कोणत्या खात्यात कामाला आहे, हरल्यावर चिडतो का, पान लपवण्याची खोड आहे का, सगळे.

हे आठवायचे कारण म्हणजे आमच्याच गल्लीतले एक घर. वडील हुकुमचंद मिलचे कामगार. मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात सोसले आहे. त्यांच्या वाट्याची रक्कम बँकेत आली. खाते मुलासोबत जॉइंट होते, कारण मोबाइलवरचे व्यवहार वडिलांना जमत नाहीत. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते माझ्याकडे स्टेटमेंट घेऊन आले. "साहेब, जरा बघता का, व्याज लागलेलं दिसत नाही." व्याज लागले होते, मुद्दलच उरले नव्हते. आठ महिन्यांत एक लाख साठ हजारांच्या वर रक्कम एका रमीच्या ॲपमध्ये गेली होती.

मी चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे स्टेटमेंट वाचण्याची सवय आहे. या स्टेटमेंटला एक चाल होती. पहिल्या महिन्यात ५० आणि १०० रुपये जातात, आणि १८०, ३५० असे परत येतात. दुसऱ्या महिन्यात ५०० जातात, कधीमधी काही येते. चौथ्या महिन्यापासून दोन-दोन हजार जातात आणि जमेच्या बाजूला जवळजवळ काही नाही. मुलगा समोर मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "काका, मी वाईट नाही खेळत. आधी तर जिंकायचो. नंतर समोरचा जणू माझी पानं बघूनच खेळायचा."

त्या ॲपने काय केले याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून त्याचे नाव घेत नाही. पण मुलाचे वाक्य डोक्यात राहिले आणि मी या विषयावर वाचायला लागलो.

बॉट म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्राम. आपली मुले-नातवंडे बीजीएमआयसारखे लढाईचे खेळ खेळतात, त्यांतही खालच्या पातळीवर बरेच प्रतिस्पर्धी बॉटच असतात. मैदान भरलेले दिसावे आणि नवख्याला दोन-चार जण मारता यावेत म्हणून कंपनीच ते सोडते. तिथे पैसे लागलेले नाहीत तोवर फारसे बिघडत नाही. पैशाच्या खेळात मात्र हिशेबच बदलतो, तो मांडून दाखवतो.

समजा दोन खेळाडूंनी शंभर-शंभर रुपये लावले. कंपनीने १५ रुपये कापून १८५ विजेत्याला दिले. दोघे सारख्याच ताकदीचे आहेत आणि वीस डाव झाले. तुम्ही दहा जिंकलात. तुमचे २००० गेले आणि १८५० आले, म्हणजे बरोबरीने खेळूनही १५० रुपये तोटा. समोरच्यालाही तेवढाच. दोघांकडून मिळून कंपनीला ३०० मिळाले. आता समोर कंपनीचाच बॉट बसवू. तो वीसपैकी बारा डाव जिंकतो, तुम्ही आठ. तुमचे २००० गेले, १४८० आले. तोटा ५२०, आणि तो सगळाच्या सगळा कंपनीचा, कारण बॉटने लावलेले शंभर रुपये तिच्याच एका खिशातून दुसऱ्यात गेले. बॉटला सर्व डाव जिंकण्याची गरजही नाही. तुम्ही आठ वेळा जिंकता म्हणूनच पुन्हा येता.

असा बॉट बनवायला अवघड असेल असे मला वाटत होते. २०१९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी 'प्लुरिबस' नावाचा प्रोग्राम तयार केला. त्याने सहा जणांच्या पोकरमध्ये नामांकित व्यावसायिक खेळाडूंना हरवले, आणि तेही त्यांची पाने न बघता. त्याला शिकवायला आठ दिवस लागले आणि संगणकाचा खर्च दीडशे डॉलरहून कमी आला असता असे त्यांनी लिहिले. तेव्हाच्या भावाने दहा-अकरा हजार रुपये. ज्याच्या सर्व्हरवर पत्ते पिसले जातात आणि ज्याला तुमचा सगळा इतिहास माहीत आहे, त्याला तर एवढ्या हुशारीचीही गरज नाही.

आता आरोप आणि खटल्यांकडे येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, विन्झो या गेमिंग कंपनीवर छापे घातले आणि रोखे, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड मिळून सुमारे ५०५ कोटी रुपये गोठवले. संस्थापकांना अटकही झाली. ईडीचा मुख्य आरोप असा की, पैसे लावणाऱ्या ग्राहकांना समोर माणूस नसून सॉफ्टवेअर आहे हे न सांगता खेळवले जात होते. खेळावर बंदी आल्यानंतरही ग्राहकांचे सुमारे ४३ कोटी परत केले नाहीत, असेही ईडी म्हणते. आपला व्यवहार पारदर्शक असल्याचे कंपनीचे म्हणणे आहे, आणि आरोप सिद्ध झालेले नाहीत हे लक्षात ठेवले पाहिजे. अमेरिकेत स्किल्झ आणि एव्हियागेम्स या दोन कंपन्यांच्या पेटंटच्या खटल्यात एव्हियाचे आतले ईमेल उघडे पडले. त्यांत 'गाइड' असा शब्द होता, आणि 'गाइड' म्हणजे बॉटच, असे स्किल्झचे म्हणणे. २०२४ च्या फेब्रुवारीत ज्युरीने पेटंटपोटी एव्हियाला सुमारे ४ कोटी २९ लाख डॉलर भरायला लावले. बॉटचा प्रश्न घेऊन ग्राहकही वेगळे कोर्टात गेले.

आपल्याकडे या सर्व धंद्याचा पाया एका जुन्या निकालावर होता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात म्हटले की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते. तो खटला सिकंदराबादच्या एका क्लबचा होता. क्लबात टेबलाभोवती माणसे बसत. पुढे ऑनलाइन कंपन्यांनी तोच निकाल ढालीसारखा वापरला. पण कौशल्य कोणाचे कोणाविरुद्ध? माझे कौशल्य आणि कंपनीचे यंत्र अशी लढत असेल, तर १९६७ च्या निकालातली रमी ती नव्हेच. वकिली युक्तिवाद काहीही असोत, मला तरी हा सरळ प्रश्न वाटतो.

आणि इथेच बँकवाल्याच्या नजरेला एक गोष्ट खटकते. या ॲपवर पैसे भरायचे तर पॅन द्या, आधार द्या, बँक खाते जोडा. जिंकलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२३ पासून ३० टक्के टीडीएस. खेळणाऱ्याचे केवायसी चोख. समोर बसलेल्याचे केवायसी खेळणाऱ्याला कोण दाखवते? तिथे फक्त एक टोपणनाव आणि एक चित्र. पत्ते नीट पिसले जातात याची प्रमाणपत्रे लावलेली असत, काहींवर 'बॉट नाहीत' असेही प्रमाणपत्र असे. पण पत्ते नीट पिसले जाणे वेगळे आणि टेबलावर माणूस असणे वेगळे. शिवाय प्रमाणपत्र ज्या दिवशी दिले त्या दिवसाचे. शाखेत ऑडिटर येऊन गेल्यावर काय होते ते मी सांगायला नको.

बॉट फक्त कंपनीच बसवते असेही नाही. खेळणारेच टोळी करून चार फोनवर एकाच टेबलावर बसतात, किंवा प्रोग्राम लावून रात्रभर शंभर खाती चालवतात. त्या शंभर खात्यांना शंभर पॅन आणि शंभर बँक खाती लागतात. ती कुठून येतात? आपल्याच मुलांकडून, भाड्याने. 'खाते दे, महिन्याला काही हजार मिळतील' असे सांगून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम घेऊन जातात. बँकेच्या भाषेत याला म्यूल खाते म्हणतात. रिझर्व्ह बँकेने अशी खाती हुडकायला म्यूलहंटर नावाची प्रणाली काढली आहे, तिची माहिती डिसेंबर २०२४ च्या पतधोरणात आली होती. खाते पकडले गेले की पहिली नोटीस खातेदाराच्या नावावर येते. ज्याने भाडे दिले त्याचा पत्ता लागेलच असे नाही.

उलट बाजूने 'हा बॉट बसवा, आपोआप जिंकाल' असे आमिषही असते. टेलिग्रामवर फाइल पाठवतात. ती प्ले स्टोअरवरची नसते, आणि बसवताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. एकदा ती दिली की ओटीपी कोण वाचतो हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रातले एक प्रकरण आठवत असेल. २०२३ च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्याची ऑनलाइन जुगारात ५८ कोटींची फसवणूक झाल्याचे उघड झाले. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले. पोलिसांच्या सांगण्यानुसार तो व्यापारी सुरुवातीला पाच कोटी जिंकला होता. आमच्या गल्लीतल्या मुलाचे १८० आणि ३५० रुपये आणि त्याचे पाच कोटी, माझ्या मते एकाच खात्यातल्या नोंदी आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकरच्या घरासमोर गेमिंगच्या जाहिरातीविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा बरेच जण हसले होते. मीही हसलो होतो.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे किंवा ५० लाख, किंवा दोन्ही. बँकांनी अशा खेळांचे पैसे पुढे पाठवायचे नाहीत. खेळणारा गुन्हेगार नाही, हे मला योग्य वाटते. वर्षाला ४५ कोटी लोक वीस हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने तेव्हा दिला होता. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका तीन उच्च न्यायालयांत होत्या, त्यातली एक आपल्या मध्य प्रदेशात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या.

मी या कायद्याच्या बाजूचा आहे, पण एक काळजी आहे. देशातली ॲप बंद झाली तरी सवय बंद झालेली नाही. आता परदेशातल्या सर्व्हरवरचे खेळ येतात, पैसे कुठल्यातरी व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर मागतात, आणि तो यूपीआय आठवड्याला बदलतो. तिथे केवायसी नाही, टीडीएस नाही, तक्रार कुठे करायची तेही नाही. पूर्वी समोर बॉट असल्याचा आरोप करायला निदान कंपनी होती.

आमच्या गल्लीतल्या त्या घरात आता खाते एकट्या वडिलांच्या नावावर आहे आणि यूपीआयची रोजची मर्यादा दोन हजारांवर आणली आहे. मुलगा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये कामाला लागला आहे, आईला दरमहा ठराविक रक्कम देतो. बँकेतून परत मिळण्यासारखे काही नव्हते, कारण प्रत्येक व्यवहार त्याने स्वतः पिन टाकून केला होता. मात्र कुणाचे पैसे फसवून गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येते, दोन दिवसांनी बहुधा नाही. कुणाला घरातले स्टेटमेंट दाखवायचे असेल तर रविवारी संध्याकाळी पाच ते सात मी घरीच असतो. मागच्या सहा महिन्यांचे, छापून आणावे. मोबाइलवर मला नीट दिसत नाही.