दोन विमानतळ आणि आपला उंबरा



मुंबई ते जेद्दा किती लांब? मोबाईल लगेच सांगतो : हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, प्रवास साधारण साडेपाच तासांचा. १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून जहाजानेही जात, तेव्हा हिशेब दिवसांचा होता. आता तासांचा झाला. पण हे तास विमानतळापासून विमानतळापर्यंतचे. आपली दादी मात्र पाबळच्या उंबऱ्यातून निघते.

तिचा हिशेब मांडून पाहू. विमान सकाळी १० चे. तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे ७ वाजता. चाकण-तळेगावमार्गे मुंबई गाठायला, चहा आणि फजरची नमाज धरून, पाच तास ठेवावेत. म्हणजे घर रात्री २ ला सोडायचे. जेद्दाला उतरल्यावर पासपोर्ट आणि सामानाला दोन तास, पुढे मक्केपर्यंत दीड तास. बेरीज सतरा तास! त्यात विमानाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

तिकिटावर मात्र लिहिलेले असते : सुटणार १०, पोहोचणार दुपारी १. घरचे म्हणतात, तीनच तास! तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची आणि उतरण्याची जेद्दाची असते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. परतीला उलटे : रात्री १० ला निघालेले विमान पहाटे साडेपाचच्या सुमारास येते. तिकिटावर साडेसात तास दिसतात, प्रवास मात्र पाचच तासांचा. उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून येताना वेळ थोडा कमी लागतो.

आम्ही वर्गात शिकवतो, की सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटे लागतात. मुंबई ७३ अंशांजवळ, जेद्दा ३९ जवळ. चौतीस अंशांचे झाले सुमारे सव्वादोन तास. रमजानात पाबळला सहरी करून त्याच दिवशी उमराहला निघालो, तर रोजा तेवढा लांबतो. इफ्तार आपण असू तिथला सूर्य मावळल्यावर. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, हे वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे.

आता सामानाचे. सरळ मक्केला जाणाऱ्यांची मीकात विमान जेद्दाला उतरण्यापूर्वीच आकाशात येऊन जाते. एहराम मोठ्या बॅगेत राहिला, तर ती बॅग विमानाच्या पोटात असते, मधे काढता येत नाही. म्हणून एहराम घरून किंवा विमानतळावर बांधावा आणि मीकातीपूर्वी निय्यत करावी.

औषधांचेही तसेच. सतरा तासांत साखरेच्या रुग्णाच्या जेवणाच्या दोन-तीन वेळा येतात. गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि थोडे खाणे हातातल्या पिशवीत असू द्या. इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवू नका, तिथे ते गोठू शकते. अडीच तासांच्या फरकात डोस कधी घ्यायचा, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

घरी राहणाऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. पाबळला सकाळचे सात वाजतात तेव्हा मक्केत साडेचारच झालेले असतात. खुशाली विचारायचा फोन जरा उशिरा करावा. दादीला झोप मिळू द्या.

अल्लाह सर्व मुसाफिरांचा सफर आसान करो. आमीन.